घटपर्णीला किडा नक्की कशासाठी लागतो?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: चेंबूरला नवव्या मजल्यावर, पश्चिमेकडच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये नोव्हेंबरपासून घटपर्णीची (म्हणजे नेपेंथिसची; ही पानांच्या टोकाला लागणाऱ्या सुरईसारख्या घटांत किडे पकडते) टांगती कुंडी आहे. आणली तेव्हा सहा घट होते, आता मार्चमध्ये एकच उरलाय आणि नवीन एकही धरत नाही. एवढ्या उंचीवर किडे येत नाहीत म्हणून झाड उपाशी राहतंय असं वाटून तुम्ही घटांत चिकनचे तुकडे टाकले, कुंडीत गांडूळखत घातलं आणि महिन्यातून दोनदा लिटरला दोन ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) विरघळवून अर्धा-अर्धा लिटर दिलंत. आता पानांच्या कडाही करपायला लागल्यात. तर आठवड्याला किती किडे द्यायचे?

सरळ उत्तर आधी देतो. सध्या एकही नाही. झाड सावरल्यावर महिन्याला एक-दोन घटांत मुंगी किंवा माशीएवढा एकेक किडा, बस. तुमच्या झाडाला उपासमार नाही, अजीर्ण झालंय. शिवाय घट न धरणं आणि कडा करपणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्यांची कारणं वेगळी, उपायही वेगळे. आणि किड्यांचं म्हणाल तर मुंग्यांना लिफ्ट लागत नाही. घटाच्या काठावर गोड रस सुटला की त्या नवव्या मजल्यावरही पोहोचतात.

सगळा घोळ ‘मांसाहारी’ या शब्दाने होतो. मांजर उंदीर खाते तेव्हा तिची दिवसभराची ताकद त्यातूनच येते. घटपर्णी मात्र ताकद मिळवते ती तुळशीसारखी किंवा आंब्यासारखीच: ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड वापरून पानात साखर तयार करते. किड्यातून तिला हवं असतं मुख्यतः नत्र (नायट्रोजन), त्याखालोखाल स्फुरद (फॉस्फरस) आणि थोडं पालाश (पोटॅशियम). म्हणजे शेतकरी ज्या तीन गोष्टींसाठी खताची गोणी आणतो त्याच. तेव्हा किडा ही खताची चिमूट समजा, पुढचा सगळा हिशेब आपोआप सुटतो.

असं झाड का घडलं असेल ते बघायला घटपर्णीच्या रानात, बोर्निओ बेटावर जायची गरज नाही, साताऱ्याजवळचं कास पठार पुरे. जांभ्याच्या कातळावर मातीचा पातळ थर आणि त्यावर चार महिने धो धो पाऊस. पाण्यात सहज विरघळणारं नायट्रेट वाहून जातं. जिथे पाणी तुंबतं तिथे हवा नसल्यामुळे उरलंसुरलं नायट्रेट जिवाणू वायूच्या रूपात सोडून देतात. ऊन आणि पाणी भरपूर, नत्राचा खडखडाट. नेमक्या अशाच जागी चिकट पानांनी किडे पकडणारा दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा, आणि सीतेची आसवं, म्हणजे युट्रिक्युलेरिया, या मांसाहारी वनस्पती वाढतात. सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं बघायला ऑगस्ट-सप्टेंबरात लोक गाड्या भरभरून जातात. शिकार मात्र चालते पायाखालच्या चिखलात, जेमतेम दिसतील अशा फुग्यांमध्ये. झाड फुग्यातलं पाणी बाहेर काढून आत दाब कमी करून ठेवतं. दारावरचा केस हलला की दार आत उघडतं आणि सूक्ष्म जीव पाण्यासकट खेचला जातो, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत.

तुमच्या घटपर्णीची तऱ्हा संथ आहे. पानाच्या टोकाला तणावा, तणाव्याच्या टोकाला घट. घटाच्या रेघारेघांच्या काठावर ओल असली की पाण्याचा पातळ पापुद्रा पसरतो आणि मुंगीचा पाय त्यावरून सटकतो. काठ कोरडा असेल तर तीच मुंगी निवांत रस चाटून परत जाते. (मार्चच्या दुपारी घट रिकामे दिसतात याचं एक कारण हे.) आत पडलेल्या किड्याला बऱ्याच जातींत वरच्या भागातली मेणचट भिंत चढू देत नाही. तळाशी ग्रंथींनी स्रवलेला द्रव असतो, तो काही जातींत पचन चालू असताना लिंबाच्या रसाइतका आंबट होतो. त्यातलं एक विकर (पचन घडवणारं एन्झाइम) किड्याचं कवच सैल करतं. नेपेंथेसिन नावाचं दुसरं विकर, जे आपल्या जठरातल्या पेप्सिनच्याच कुळातलं आहे, ते प्रथिनांचे तुकडे करतं. तिसरं स्फुरद मोकळं करतं. मग सुटी झालेली अमिनो आम्लं, अमोनियम आणि फॉस्फेट त्याच ग्रंथी शोषून घेतात. जुना घट उभा चिरून पाहिलात तर तळाशी मुंग्यांची पोकळ कवचं सापडतील. आतला ऐवज झाडात गेलेला असतो.

हा ऐवज झाड प्रामुख्याने नव्या वाढीवर खर्च करतं. पान म्हातारं झालं की त्यातलं नत्र काढून घेऊन पुढच्या पानाला देतं. कॅल्शियम-मॅग्नेशियम बऱ्याच अंशी मुळांतूनच येतं. गंमत अशी की दवबिंदूच्या काही जातींत पानांना किडे मिळाले की मुळंही जास्त खनिजं ओढू लागतात असं दिसलंय. म्हणजे मुळं अगदीच नावापुरती नाहीत, फक्त फार पातळ रसाची सवय असलेली आहेत. किड्यांशिवाय झाड मरतं का? नाही, हळू वाढतं. चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने १८७८ मध्ये दवबिंदूच्या रोपांचे दोन गट करून एकालाच मांसाचे कण दिले. न दिलेली रोपंही जगली, पण दिलेल्यांना बिया कितीतरी जास्त धरल्या.

आणि किडाच हवा असाही हट्ट सगळ्या घटपर्णींचा नसतो. नेपेंथिस अँप्युलेरिया नावाची जात जंगलात जमिनीलगत घट उघडे ठेवून वरून पडणारा पालापाचोळा गोळा करते. बोर्निओच्या डोंगरातली नेपेंथिस लोवी झाकणाखालचा रस चाटायला आलेल्या ट्री-श्रू या खारीएवढ्या प्राण्याची विष्ठा घटात झेलते. दक्षिण आफ्रिकेतलं रोरिडुला नावाचं झुडूप तर स्वतः पचवतच नाही. त्याच्या चिकट पानांवर अडकलेले किडे एक ढेकूणवर्गीय कीटक खातो आणि त्याची विष्ठा पानं शोषतात. नत्र कुठून आलं याचं झाडाला सोयरसुतक नाही. हे लक्षात ठेवा, खाली उपयोगी पडेल.

आता घट का धरत नाहीत. घट ही झाडासाठी महागडी वस्तू आहे. तो बांधायला साखर लागते, त्याच्यात द्रव टिकवायला पाणी लागतं, आणि स्वतः तो पानाच्या मानाने फारच थोडी साखर बनवतो. १९८४ साली वनस्पतिशास्त्रज्ञ गिव्हनिश आणि सहकाऱ्यांनी मांडलेला हिशेब साधा आहे: ऊन आणि पाणी मुबलक, पण खनिजं तुटपुंजी, अशा ठिकाणीच हा खर्च परवडतो. तिन्हींपैकी एक अट मोडली की झाड घट बांधायचं थांबवतं आणि नुसती पानं काढतं. अमेरिकेतल्या सॅरासेनिया या घटवाल्या वनस्पतीला जास्त नत्र दिलं की तिचे घट निमुळते होत जातात आणि शेवटी नुसती चपटी पानं येतात, हेही पाहिलं गेलंय.

तुमच्याकडे दोन अटी मोडल्यात. पहिली पाण्याची, म्हणजे इथे हवेतल्या ओलाव्याची. मुंबई दमट हे खरं, पण जानेवारी ते मार्च दुपारी पूर्वेचा कोरडा वारा सुटला की आर्द्रता तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत उतरते. त्यात नववा मजला, उघडं ग्रिल आणि पश्चिमेचं ऊन. तणाव्याच्या टोकाला मोहरीएवढा फुगवटा येतो आणि तिथेच वाळून तपकिरी होतो, असं दिसत असेल तर कारण हेच. दुसरी अट खनिजांच्या टंचाईची, ती तुम्ही खत घालून मोडलीत.

किती घातलंत बघा. घरमाशीचं कोरडं वजन साधारण पाच मिलिग्रॅम, त्यातलं नत्र सुमारे दहा टक्के, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. एक ग्रॅम १९:१९:१९ मध्ये नत्र १९० मिलिग्रॅम. तुम्ही दर खेपेला एक ग्रॅम दिलंत, म्हणजे तीनशे ऐंशी माश्या, महिन्याला साडेसातशेच्या वर. गांडूळखत वेगळंच. आणि हे सगळं घटात न जाता मुळांशी गेलं. मुळांभोवती क्षार वाढले की पाणी आत यायच्या ऐवजी बाहेर ओढलं जातं, आणि त्याचा पहिला चटका पानाच्या टोकांना आणि कडांना बसतो. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसतायत का ते बघा, बहुतेक असतील.

चिकनचं म्हणाल तर प्रथिनं म्हणून त्यात वावगं काही नाही, पण तुकडा मोठा असतो आणि त्यात चरबी असते. विकरं बाहेरून पोखरत असतात तोवर आत जिवाणू सडवायला सुरुवात करतात. शर्यत जिवाणू जिंकतात, द्रवाला घाण येते आणि घट तळाकडून काळा पडत वर जातो. म्हातारपणी वाळणारा घट झाकणाकडून खाली वाळतो. हा फरक ओळखता आला की निम्मं निदान झालं. तेव्हा गेलेल्या पाचांतले काही चिकनने, काही वयाने आणि काही नर्सरीतून घरी येतानाच्या हिसक्याने गेले असणार. शेवटच्या कारणाचं मनाला लावून घेऊ नका, ते सगळ्यांकडे होतं.

उपाय सांगण्याआधी एक अडचण: जात तुम्ही लिहिलेली नाही. मुंबईच्या नर्सऱ्यांत बहुतेकदा व्हेंट्राटा नावाचा संकर किंवा तसेच उकाडा सोसणारे संकर मिळतात, आणि पुढचं सगळं तेच धरून लिहितोय. उंच डोंगरावरची जात असेल तर तिला रात्री पंधरा अंशांच्या आसपास गारवा लागतो. ती मुंबईत एसीशिवाय टिकत नाही, आणि एसीची हवा कोरडी, त्यामुळे एसीतही धड राहत नाही.

गांडूळखत मिसळलेलं आहे म्हणजे नुसतं धुऊन भागणार नाही, कुंडी बदला. लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) निम्मं-निम्मं घ्या. ऑर्किडवाल्यांकडे दोन्ही मिळतं. मॉस महाग वाटलं तर नारळाच्या सोडणाचे तुकडे चालतील, पण कोकोपीट असो की तुकडे, त्यात मीठ असतं. निथळलेल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, पीपीएममध्ये) शंभराच्या खाली येईपर्यंत भिजवून, पिळून, पाणी बदलत राहा. जुनं मिश्रण काढताना मुळं काळी दिसतील. सडलीत म्हणून कापायला जाऊ नका, घटपर्णीची मुळं मुळातच काळी, बारीक आणि ठिसूळ असतात. सडलेलं मूळ बोटांत लगदा होतं, चांगलं मूळ ताठ राहतं. मुळांना चिकटलेलं थोडं मिश्रण राहिलं तरी चालेल, ओढाताण नको. मग कुंडीच्या आकारमानाच्या चौपट-पाचपट पाणी हळूहळू ओतून निथळू द्या.

पाणी कोणतं, यावर सगळं अडतं. महापालिकेचं तलावांचं पाणी तसं मृदू असतं, पण सोसायटीच्या टाकीत बोअरचं किंवा टँकरचं मिसळत असेल तर आकडा कुठच्या कुठे जातो. म्हणून अंदाज नको, टीडीएस मीटर घ्या आणि नळालाच मोजा. पन्नासच्या खाली उत्तम. शंभरपर्यंत चालवून घेता येतं, मात्र महिन्यातून एकदा भरपूर ओतून क्षार धुऊन काढायचे. आरओचं पाणी चालतं, पण यंत्रात खनिजं परत मिसळणारी कार्ट्रिज असेल तर आधी मोजा. आरओच्या नळीतून बाहेर पडणारं सांडपाणी मात्र चुकूनही घालू नका, गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. एसीचं पाणी बरेच जण वापरतात. त्याचा टीडीएस कमी असतो हे खरं, पण सर्व्हिसिंगला कॉइलवर फवारलेलं रसायन त्यात उतरतं, तेव्हा नंतरचे पंधरा दिवस ते ओतून द्या. जूनपासून पावसाचं पाणी साठवा. पहिल्या एक-दोन सरींचं सोडून द्या, त्यात छताची धूळ असते. पिंप घट्ट झाका, नाहीतर डेंग्यूची तपासणी करणारे तुम्हाला शोधत येतील.

त्यावरून एक. घटपर्णीची कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवायची नसते, तिच्या मुळांना हवा लागते. मिश्रणाचा वरचा थर कोरडा वाटायला लागला की भरपूर पाणी घालून निथळू द्यायचं. मार्चमध्ये ते रोज किंवा दिवसाआड करावं लागेल, जुलैत आठ-आठ दिवस लागणारही नाही.

जागा बदलता आली तर पूर्वेकडे न्या. सकाळचं तीन-चार तास ऊन या संकरांना पुरतं. पश्चिमच असेल तर दुपारी बारानंतरचं ऊन पन्नास टक्के हिरव्या जाळीतून येऊ द्या. काळोखात मात्र नेऊ नका, उन्हाशिवाय साखर नाही आणि साखरेशिवाय घट नाही. बाटलीतून फवारलेला ओलावा पाच-दहा मिनिटांत उडतो, त्याचा भरवसा नको. इतर कुंड्यांच्या घोळक्यात ठेवणं जास्त उपयोगाचं. झाड फारच मलूल असेल तर पारदर्शक पिशवीला भोकं पाडून तीन-चार आठवडे वरून घाला, पण थेट ऊन लागणार नाही अशा ठिकाणी. उन्हात पिशवीच्या आत झाड अक्षरशः शिजतं.

करपलेल्या कडा परत हिरव्या होत नाहीत, त्यामुळे परीक्षा फक्त नव्या पानांची घ्या. साधारण दोन ते चार आठवड्यांना एक नवं पान येतं, त्याचा घट पूर्ण व्हायला आणखी महिना-दीड महिना. म्हणजे आज सगळं सुधारलंत तरी निकाल जूनच्या आसपास. तेव्हा हवाही मदतीला असेल.

दोन-तीन घट उघडले की मग खाऊ घालायचा विचार. न उघडलेल्या घटाचं झाकण नखाने उचकटू नका. द्रव सांडला असेल तर घटाच्या चौथ्या हिश्शाइतकं कमी टीडीएसचं पाणी घाला, काठोकाठ नको. किडा द्यायचा तो घटाच्या तोंडाहून बराच लहान. झुरळ मारायचा फवारा लागलेला किडा मुळीच नको. किडे नसतील तर क्रॉफर्ड मार्केटात मत्स्यालयाच्या दुकानांत सुकवलेले ब्लडवर्म (माशांना घालतात त्या लाल अळ्या) मिळतात, एका घटाला तीन-चार धागे थेंबभर पाण्यात भिजवून. किंवा सावकाश विरघळणाऱ्या खताचे, ऑस्मोकोटसारखे, एक किंवा दोन दाणे थेट घटात, तीन महिन्यांतून एकदा. वर म्हटलं तसं, झाडाला नत्राचं कूळ कळत नाही. पण दाणे घटातच, कुंडीत नाही. एका वेळी एक-दोन घटांनाच द्या, म्हणजे चुकलंच तर नुकसान तेवढ्यावर राहील. खरी भूक ओळखायची तर नवी पानं फिकट आणि आधीच्यापेक्षा लहान येतात, पण कडा स्वच्छ असतात. तुमच्या झाडाचं तसं नाही.

सोबत व्हीनस फ्लायट्रॅप (पानांचा सापळा मिटून किडा पकडणारं झाड) घेऊ का, असंही तुम्ही विचारलंय. मुंबईत नको. ते मूळचं अमेरिकेतल्या दोन्ही कॅरोलायनांच्या किनारपट्टीवरचं, त्याला हिवाळ्यात तीन-चार महिने दहा अंशांच्या आसपास गारठा लागतो. इथे तो न मिळाल्याने ते झिजत जातं. शिवाय त्याला मेलेला किडा नुसता टाकून चालत नाही. सापळ्यातले केस वीसेक सेकंदांत दोनदा हलले तर तो मिटतो, आणि मिटल्यावरही आत धडपड जाणवत राहिली तरच पाचक रस सुटतो.

हौस असेल तर ड्रॉसेरा बर्मानी घ्या. हा आपल्याकडच्या उष्ण हवेतला दवबिंदू. चिलटं स्वतःच पकडतो, त्याला काही भरवावं लागत नाही. कासहून किंवा नॅशनल पार्कातून उपटून आणू नका, बियांवर सहज येतो. याची कुंडी मात्र सेंटीमीटरभर पाण्याच्या ताटलीत ठेवावी लागते. आठवड्यातून एकदा ताटली रिकामी करून कडा घासून धुवा, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि नुसतं पाणी ओतून जात नाहीत. रोप वर्षभराच्या आत मरतं, त्यात तुमची चूक नसते, त्याचं आयुष्यच तेवढं. त्याआधी धुळीसारख्या काळ्या बिया गळतात. त्या ओल्या मिश्रणावर नुसत्या भुरभुरा, वरून झाकू नका, त्यांना रुजायला उजेड लागतो.